दर वाढला की सरबत

इन्शिराहने पितळी बत्ता भिंतीवर दोनदा आपटला, तेव्हा कुठे पलीकडचे माग थांबले.

"आता बोल म्हणावं त्या बाईला," तफीदा टीव्हीकडे हात करून म्हणाली. "केव्हाची नुसती तोंड हलवतेय. मला वाटलं, बातम्यांना मुकी ठेवली की काय."

"मुकी असती तरी तुझ्यापेक्षा कामाची," इन्शिराह म्हणाली आणि बत्ता मांडीवर घेऊन बसली.

बायका खिदळल्या. भोपळ्याच्या बियांची टरफलं बशीत पडत होती. तफीदाची बसायची खोली आणि बहगतचा मागखाना यांच्यात एकच भिंत. भिंत तफीदाची, खडखडाट बहगतचा आणि तो थांबवायचा हक्क बहगतच्या आईचा, म्हणजे इन्शिराहचा. दुसऱ्या कुणी बत्ता आपटला तर बहगत लक्ष देत नसे. आईचा हात तो आवाजावरून ओळखायचा. गुरुवारी मोठ्या बँकेची दर ठरवायची बैठक असली की गिरणीमागच्या गल्लीतल्या सगळ्या विधवा तफीदाकडे जमत. नवरे महल्ला अल-कुब्रा शहराच्या कापडगिरणीत झिजून गेले होते, आणि जाताना मिळालेला पैसा बायकांनी बँकेत ठेव म्हणून ठेवला होता. त्या ठेवीवर महिन्याला जे हाती येई, त्यावर चुली पेटत. कर्जावर बँक घेते ते व्याज, ते पाप. ठेवीवर देते तो फायदा, ती अल्लाची देणगी. असा हिशेब तफीदाच्या नवऱ्याने जिवंतपणीच लावून दिला होता आणि गल्लीला तो पटला होता.

टीव्हीवरच्या बाईने कागद सरळ केला. मोठ्या बँकेने दर दोन टक्क्यांनी वाढवला होता.

तफीदाने जीभ टाळूला लावून अशी ललकारी काढली की बाहेरच्या कबुतरांनी छप्पर सोडलं. बाकीच्या तिच्या सुरात मिसळल्या. कुणी म्हणाली औषधं सुटतील, कुणी म्हणाली नातीच्या लग्नाला पातेली घेईन. इन्शिराहनेही ललकारी काढली. सगळ्यांत लांब तिचीच होती.

"काढशील बाई, काढशील!" तफीदा म्हणाली. "गल्लीत सगळ्यात मोठी ठेव तुझी. तुझ्या नवऱ्यानं, मुअतीनं, जन्मभर माग हाकला तो तुला बसून खायला घालायला. चल, सरबत आण."

दर वाढला की ज्या घरची ठेव मोठी, त्या घरचं लाल सरबत, हा गल्लीचा रिवाज. तो काढला होता इन्शिराहनेच, पहिल्यांदा दर वाढला तेव्हा, सगळ्यांसमोर हात उंचावून. आपणच खणलेल्या खड्ड्यात माणूस पडतो तेव्हा त्याला बोंब मारायचीही सोय राहत नाही.

तिने तबक फिरवलं. तफीदाने घोट घेऊन नेहमीसारखं तोंड वाकडं केलं. "काय हे, पाक आहे की सरबत? दात चिकटले माझे."

"बरं झालं. जीभही चिकटली असती तर आणखी बरं."

मग इन्शिराहने बत्ता एकदा आपटला, माग चालू करायची खूण म्हणून. भिंतीपलीकडे शांतता होती. तिने पुन्हा आपटला. थोड्या वेळाने एक माग सुरू झाला, मग चुकतमाकत दुसरा. बाकीचे सुरू झालेच नाहीत. बायका बोलण्यात गुंग होत्या. ऐकलं ते एकट्या इन्शिराहने.

*

"तुम्हा बायकांची ललकारी भिंतीतून ऐकू येते, आई," बहगत म्हणाला. "किती वाढला ते कळत नाही. वाढला एवढं कळतं."

तो जेवायला बसला होता, पण भाकरीचा तुकडा हातातच होता. सून रावया मुलूखियाच्या पातळ पालेभाजीची वाटी त्याच्यापुढे सरकवत होती आणि तो ती परत लोटत होता.

"मग? वाढला तर वाढला. तुझ्या बापाची ठेव आहे."

"बापाच्या ठेवीला काय त्याचं? ती बांधलेल्या दराची. घेतली तेव्हा जो आकडा होता तोच मुदत संपेपर्यंत. तफीदामावशीची बदलत्या दराची आहे, तिला मिळेल. तुला काय मिळालं आज? सरबताचा खर्च."

इन्शिराहला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ठेव ठेवली त्या दिवशी बँकेतल्या मुलीने विचारलं होतं, आकडा बदलता हवा की बांधलेला? इन्शिराहने मान वर करून सांगितलं होतं, "माझ्या घरात शब्द बदलत नाही, आकडा कशाला बदलेल? बांधलेला लिही." तेव्हा ते वाक्य तिला फार आवडलं होतं. गल्लीत मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"आणि तुझ्या मागांचं काय? ते का थांबले?"

बहगतने बायकोकडे पाहिलं. रावया म्हणाली, "सांगा ना. आज नाही तर सोमवारी त्यांना दिसणारच आहे."

"काय दिसणार आहे? कोण मेलंय?"

"दोन माग विकतोय," बहगत म्हणाला. "सोमवारी भंगारवाला येतोय. वजनावर घेतो म्हणालाय."

इन्शिराहच्या हातातली वाटी खाली आली. मुअती चाळीस वर्षं परक्याच्या मागापुढे उभा होता. कान गेले, छाती गेली. दर शुक्रवारी नमाजानंतर चहा पिताना एकच बोलायचा: पोराला स्वतःचा माग घेऊन देईन, मग बघ. तो बघायला राहिला नाही. पण माग आले होते.

"वजनावर? माग म्हणजे काय कांदे आहेत?"

"आई, ऐक तरी. माझं कर्ज बदलत्या दराचं आहे. मोठ्या बँकेचा दर अधिक बँकेचे चार टक्के, असं लिहिलंय. तिकडे तुम्ही ललकारी काढता, इकडे माझा हप्ता वाढतो. सूत महाग झालं, टॉवेल कुणी घेत नाही. दोन माग गेले तर दोन जगतील."

"दोन गेले की पुढच्या वाढीला तिसरा जाईल," रावया म्हणाली. ती टाकून बोलली नव्हती, आणि तेच इन्शिराहला जास्त लागलं.

"मी ठेव मोडते," इन्शिराह म्हणाली. "नव्या दराची नवी घेते. जे जास्त येईल ते तुझ्या हप्त्यात घाल. झालं! एवढ्यासाठी तोंडं पाडून बसलात?"

बहगत हसला, हसला म्हणजे नाकातून वारा सोडला. "मोडता येत नाही, आई. ती बँकेकडे अडकलेली आहे. माझ्या कर्जाला जामीन म्हणून. तूच शिक्का मारलास."

इन्शिराहचा हात गळ्याशी गेला. काळ्या दोऱ्यात तिचा पितळी शिक्का होता, तिचं नाव उलटं कोरलेला, लग्नात सासूने करून दिलेला. सही तिला येत नव्हती, पण शिक्का होता, आणि ज्यावर तो उमटला ते गल्लीत कधी खोटं पडलं नव्हतं. त्या दिवशी बँकेच्या मुलीने भराभरा काहीबाही वाचून दाखवलं होतं. नातीच्या वयाच्या पोरीला 'पुन्हा सांग गं' म्हणणं इन्शिराहच्या रक्तात नव्हतं. जामीन म्हणजे शब्द, असं ती समजली. आई आहे, शब्द देणारच. शब्द दिल्यावर पैसा कुलपात जातो हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही. उलट शिक्का पुसट उठला म्हणून तिने स्वतःहून पुन्हा दाबून मारला होता.

"भाकरी खा," ती म्हणाली. "गार झाली."

*

शुक्रवार-शनिवारची सुटी संपून रविवारी बँक उघडली, तेव्हा ती एकटीच तिथे गेली. चांगला काळा झगा घातला, बूट पुसले. समोर बसलेल्या मुलीच्या छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, इन्शिराहला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने विचारलं, "कुणाची गं तू?"

"नर्मीन, हाग्गा," वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं मुलगी आदरानं म्हणाली. "बसा ना. चहा सांगू?"

"चहा घरी आहे. मला एक सांग, आणि हळू सांग. ही मोठी बँक कोण, आणि तिच्या दराचा माझ्या घराशी काय संबंध?"

आपण 'हळू सांग' म्हणालो हे तिच्याच कानाला लागलं. पण मुलगी हसली नाही. तिने खुर्ची पुढे ओढली.

"हाग्गा, तुम्हाला पैसे लागले तर तुम्ही आमच्याकडे येता. आम्हाला कमी पडले तर आम्ही मोठ्या बँकेकडे जातो. ती आम्हाला पैसे देते, पण फुकट नाही. ती ज्या दराने आम्हाला देते तो बँक दर. तिने तो वाढवला की आम्हाला पैसा महाग पडतो. मग आम्ही कर्जदाराला महाग देतो, आणि ठेव ठेवणाऱ्याला जास्त देऊन बोलावतो."

"म्हणजे सासू थोरल्या सुनेला दटावते, थोरली धाकटीला दटावते, आणि धाकटी भांडी आपटते."

"असंच काहीसं," नर्मीन म्हणाली, आणि आता मात्र हसली.

"आणि सासू मुळात दटावते कशाला?"

"महागाई आवरायला. पैसा महाग केला की लोक कर्ज कमी घेतात, खर्च कमी करतात, पैसा बँकेत ठेवतात. बाजारात हात आखडले की भाव थंड होतात. म्हणजे व्हावेत."

"माझा मुलगा टॉवेल विणतो. त्याचे माग बंद पडले तर टॉवेल स्वस्त होणार?"

नर्मीनने क्षणभर आपल्या बोटातल्या साखरपुड्याच्या अंगठीकडे पाहिलं. "मी सांगू का, हाग्गा? माझ्या होणाऱ्या नवऱ्यानं घराचं कर्ज काढलंय. दर वाढला की आमचं लग्न पुढे जातं. आई मात्र खूश, तिची ठेव आहे. एकाच ताटावर बसून ती हसते आणि मी रडते. मोठ्या बँकेला एकच दांडा फिरवता येतो. तो सगळ्यांच्या घरात एकदम फिरतो."

मुलगी खरं बोलत होती, आणि खऱ्यावर भांडता येत नाही, एवढीच खऱ्याची अडचण.

"माझी ठेव सोडव," शेवटी इन्शिराह म्हणाली.

"कर्ज आहे तोवर सुटणार नाही."

"मग तिच्यातून कर्ज फेड."

नर्मीनने समोरच्या यंत्रात पाहिलं, पुन्हा पाहिलं. "मुदतीआधी मोडली तर थोडं कापलं जाईल. राहिलेल्यात कर्ज जेमतेम मिटेल. पण मग काही उरणार नाही. तुमचं महिन्याचं येणं बंद होईल, हाग्गा. घरी विचारून या. मुलाला घेऊन या."

"मुलगा नको म्हणेल. म्हणून तर एकटी आले."

"दर पुढे उतरेलही. थांबून बघा."

"भंगारवाला उद्या येतोय," इन्शिराह म्हणाली. "तो थांबेल का?"

कागद आले. या वेळी तिने मुलीकडून एकेक ओळ वाचवून घेतली, न कळलेली पुन्हा विचारली. मग गळ्यातला शिक्का काढून शाईवर टेकवला आणि दाबला. एकदाच.

"तफीदाची भाची इथंच कुठंतरी बसते ना?" उठताना तिने विचारलं.

"वरच्या मजल्यावर. तिला कळायचं कारण नाही."

"कळलं तर तुझं लग्न आणखी पुढे जाईल, लक्षात ठेव," इन्शिराह म्हणाली. नर्मीन दारापर्यंत पोचवायला आली.

*

सोमवारी भंगारवाला वजनकाटा घेऊन आला. इन्शिराह मागखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसली होती.

"माग कुठं आहेत, आजी?"

"आत आहेत. चालू आहेत. बोट घालून बघ."

"बहगतनं शब्द दिलाय."

"बहगतच्या शब्दाला माझा शिक्का लागतो. जा, आणि काटा जपून ने, जाताना स्वतःला तोलून बघ."

बहगत बाहेर आला तेव्हा भंगारवाला वळणावर पोचला होता. आईने झग्याच्या खिशातून बँकेचा कागद काढून त्याच्या हातात दिला. त्याने वाचला आणि तो दारातच खाली बसला, लहानपणी पडल्यावर बसायचा तसा.

"आई, तू खाणार काय?"

"तू घालशील ते."

हे बोलणं सोपं होतं. जगणं कठीण निघालं. महिना उलटला तेव्हा पहिल्यांदाच तिच्या रुमालाच्या गाठीत काही नव्हतं. औषधाला बहगतकडे बघायचं, चपलेच्या अंगठ्याला बहगतकडे बघायचं. मुलगा देत होता, हात आखडत नव्हता. पण देताना खाली बघायचा, आणि घेताना तीही खाली बघायची. चाळीस वर्षं या घरात कुठल्या भांड्यात काय पडायचं ते तिने ठरवलं होतं. आता चुलीशी गेली की रावया म्हणे, "तुम्ही बसा, आई." त्यात वावगं काहीच नव्हतं. तिच्या चहाचा साखरेचा डबा रावया न सांगता भरून ठेवू लागली. मागावी लागली असती तर इन्शिराहला भांडता तरी आलं असतं.

घराबाहेर तर बोलायचीच सोय नव्हती. तफीदाकडे गेलं नाही तर विचारतील का आली नाही. गेलं तर हसावं लागणार. ती जात राहिली.

पुन्हा बैठकीचा गुरुवार आला. सकाळपासून इन्शिराह साखरेच्या डब्यापुढे दोनदा जाऊन आली. रावया धुणं वाळत घालत होती. इन्शिराहने अर्धीच साखर घेतली. रंग जेमतेम चढला. पाण्यात गुलाब बुडवून काढल्यासारखा.

चांगला झगा घालून, तबक झाकून ती तफीदाकडे गेली आणि भिंतीशी आपल्या जागेवर बसली. बत्ता उशीखाली होता. तो तिने मांडीवर घेतला.

पलीकडे चारही माग चालू होते. एकात एक आवाज मिसळून सगळी भिंत गुणगुणत होती. टीव्हीवरची बाई कागद सरळ करत होती, ओठ हलवत होती.

"अगं, बत्ता वाजव ना!" तफीदा ओरडली. "काय म्हणतेय ती? वाढला की उतरला?"

इन्शिराहने बत्त्यावर हात ठेवला. पलीकडे बहगत कान देऊन असेल. दोनदा आपटला की थांबेल तो, लगेच थांबेल.

"उम्म बहगत! अगं बहगतच्या आई, झोपलीस का?"

"ओरडू नकोस, ऐकू येतंय," इन्शिराह म्हणाली. "खाली पट्टीत आकडा फिरतोय. आकडे तरी वाचता येतात ना तुला? वाढलाय."

तफीदाने डोळे बारीक करून पट्टी पाहिली आणि ललकारी काढली. मागांच्या आवाजात ती अर्धीच ऐकू आली. इन्शिराहने आपली ललकारी तिच्यात मिसळली, उठली आणि तबकावरचं फडकं काढलं. एकेकीच्या हातात पेला दिला. शेवटचा तफीदाच्या.

तफीदाने पेला उजेडाकडे धरला. मग एक घोट घेतला, तोंडात घोळवला. बायका थांबून तिच्याकडे पाहत होत्या; तिचं वाकडं तोंड हा सोहळ्याचाच भाग होता. तिने इन्शिराहकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.

"आज छान झालंय," ती म्हणाली. "बेताचं गोड." आणि पेला तळापर्यंत रिकामा केला.

इन्शिराह जागेवर येऊन बसली, पाठ भिंतीला टेकवली. मागांची थरथर विटांतून तिच्या पाठीत येत होती. मुअती रात्री घरी यायचा तेव्हा त्याच्या हाताला असायची तशीच. बत्ता मांडीवर आडवा होता. तिने तो उशीखाली सरकवून ठेवला.